दिलेले काय आहे?

(हीरक महोत्सवी माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



हीरक महोत्सवाच्या व्यासपीठावरून मुख्याध्यापिकेने शाळेच्या साठ वर्षांचा आढावा घ्यावा, अशी रीत आहे. तो आढावा आपल्या कार्यवाहांनी आत्ताच उत्तम रीतीने घेतला आहे. त्यामुळे मला मिळालेली पंधरा मिनिटे मी एकाच विषयासाठी वापरणार आहे. हा विषय आपल्यापैकी प्रत्येकाच्या ओळखीचा आहे. ‘आपल्याच्याने हे होईल का?’ ही ती शंका. पाचवीत अपूर्णांक शिकणाऱ्या मुलाच्या मनात ती असते, दहावीला बसणाऱ्या मुलीच्या मनात असते. बडोद्यासारख्या शहरात मुलाला मराठी शाळेत घालावे की घालू नये, या विचारात पडलेल्या आईवडिलांच्या मनात असते. आणि साठ वर्षांच्या संस्थेच्या मनातही ती अधूनमधून डोकावते.

तीस वर्षे मुलांच्या मनातील ही शंका मी फळ्याजवळ उभी राहून पाहत आले. माझ्या स्वतःच्या मनात ती पूर्ण बळाने उभी राहिली ती गेल्या मार्गशीर्षात, गिरनारच्या वाटेवर.

गिरनार आपल्याला परका नाही. दत्तभक्तीमुळे मराठी माणसाची पावले पिढ्यान्‌पिढ्या तिकडे वळत आली आहेत आणि बडोद्याच्या मराठी घरांत गिरनारला जाऊन आलेले एखादे तरी वडीलधारे माणूस असतेच. बावीसावे तीर्थंकर नेमिनाथ यांची ती निर्वाणभूमी असल्यामुळे जैन बांधवांचेही ते थोर तीर्थ आहे. वाटेत प्रथम त्यांच्या मंदिरांचा समूह लागतो, पुढे अंबामाता, त्यापुढे गोरखनाथांचे शिखर आणि शेवटी दत्तपादुका. परंपरा या साऱ्या पायऱ्या दहा हजार मोजते. २०२० सालापासून पायथ्याहून अंबाजीपर्यंत रोपवे झाला आहे. परंतु अंबाजीच्या पुढे आजही आपल्या पायांखेरीज किंवा डोलीवाल्यांच्या खांद्यांखेरीज दुसरे वाहन नाही.

आम्ही सहाजणी होतो. चौघी शिक्षिका आणि दोघी माजी विद्यार्थिनी. मी वयाने सर्वांत मोठी, चौपन्न वर्षांची, आणि उजवा गुडघा काही वर्षांपासून कुरकुरणारा. डॉक्टरांना विचारले तेव्हा ते म्हणाले, “चढा; पण उतरताना जपा. आणि आधी सराव करा.” म्हणून दोन महिने शाळा सुटल्यावर मी आपल्या या इमारतीचे तिन्ही मजले रोज दहा वेळा चढत-उतरत असे. शिपाईमामांनी पहिल्या आठवड्यात काळजीने विचारलेही, “बाई, काही हरवलंय का?” येताना अंबाजीपासून रोपवेने उतरायचे, हेही तेव्हाच ठरवले होते.

पहाटे चार वाजता आम्ही पहिल्या पायरीला हात लावला. थंडी होती, अंधार होता, हातात काठी होती. वाटेत जागोजागी पायऱ्यांचे आकडे रंगवलेले आहेत. विजेरीच्या उजेडात ते वाचत आम्ही चढत होतो. जैन मंदिरांजवळ उजाडले. अंबाजीला पोहोचेपर्यंत ऊन चांगले वर आले होते. दम लागत होता, पाय भरून आले होते, तरीही मनात शंका नव्हती. चढताना समोर फक्त पुढची वळणे दिसत होती. जे दिसत नाही त्याचे भय कमी असते.

शंका आली ती गोरखनाथांच्या शिखरावर. गुजरातमधील हे सर्वांत उंच शिखर. इतका वेळ चढून आल्यावर माणसाला वाटते, आता सारे साधले. तेथून समोर पाहिले आणि दत्तशिखराचा तो सुळका दिसला. मधे खोल खिंड. म्हणजे कष्टाने मिळवलेली उंची आधी पायऱ्यापायऱ्यांनी गमवायची, मग समोरचा उभा चढ चढायचा आणि परतताना हाच उतार चढ होऊन आपली वाट पाहणार. वारा एवढा होता की पदर सावरणे कठीण झाले. मी एका कठड्याशी बसले आणि मनाने निकाल देऊन टाकला: हे आपले काम नव्हे. वय झाले. इथवर आलो, एवढे पुष्कळ आहे. सोबतच्या मैत्रिणी “तुम्हाला नक्की जमेल, बाई” असे प्रेमाने म्हणत होत्या. त्यांच्या प्रेमाबद्दल मला शंका नव्हती. परंतु त्या शब्दांनी गुडघ्यात बळ येत नव्हते, हेही तितकेच खरे.

तेव्हा आमच्यातील एक माजी विद्यार्थिनी माझ्याशेजारी येऊन बसली. आज ती बँकेत अधिकारी आहे. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी संस्कृतबरोबर पाचवीला गणितही शिकवीत असे, त्या वर्गातली ही मुलगी. तोंडी उदाहरण सांगितले की हिचे डोळे भरून येत. अशा मुलांसाठी माझा एक शिरस्ता होता. रडायचे नाही, उत्तरही शोधायचे नाही. वहीत आधी दोन ओळी लिहायच्या. पहिली ओळ ‘दिलेले’, दुसरी ‘काढायचे’. ती माझ्याकडे पाहून शांतपणे म्हणाली, “बाई, दिलेलं काय आहे ते आधी सांगा.”

मला हसू आले. पण मी उत्तरे देऊ लागले. वेळ? साडेनऊ. पाणी? दोन बाटल्या, एक भरलेली. गुडघा? दुखतो आहे, पण सुजलेला नाही. आणि चढताना कमी, उतरताना जास्त दुखतो. आकाश? निरभ्र. सोबत? पाचजणी, शिवाय वाटेवर माणसांची ये-जा. रोपवेसाठी अंबाजीला दुपारी तीनपर्यंत परतायचे. “आणि काढायचं काय?” तिने विचारले. मी म्हटले, “साडेअकरापर्यंत पादुकांशी पोहोचता येईल का, एवढंच.” मग आम्ही एक अटही घातली. गुडघा सुजला किंवा साडेअकरा वाजून गेले, तर असू तेथून हात जोडून माघारी फिरायचे.

श्रोतेहो, त्या पाच मिनिटांत डोंगर तसूभरही कमी झाला नाही, माझे वयही उतरले नाही. बदलले एवढेच, की ‘हे आपल्याच्याने होणार नाही’ हा निकाल मागे घेतला गेला आणि त्याच्या जागी एक उदाहरण आले. निकालापुढे माणूस मान खाली घालतो. उदाहरण मात्र सोडवून पाहता येते. कदाचित उत्तर ‘नाही’ असे आले असते. मग मी परत फिरले असते आणि त्यात मला कमीपणा वाटला नसता. शंका त्यानंतरही माझ्याबरोबरच चालत होती. दर शंभर पायऱ्यांनी मी थांबत असे, गुडघा चाचपून पाहत असे, घड्याळ पाहत असे आणि पुढे जात असे. अकरा वाजून दहा मिनिटांनी मी पादुकांपुढे माथा टेकवला. दर्शन क्षणभराचेच होते. परतताना कमंडलू कुंडावर प्रसाद घेतला आणि दोनच्या सुमारास अंबाजीला आलो.

याच यात्रेतील आणखी एक गोष्ट सांगायची आहे, कारण माझ्या मते ती अधिक मोठी आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जुनागढहून गिरनारकडे जाणाऱ्या रस्त्यावरील प्रसिद्ध शिळा पाहिली. तिच्यावर सम्राट अशोकाच्या धर्मलिपी आहेत, हे आपण शालेय पुस्तकांत वाचतो. त्याच शिळेवर महाक्षत्रप रुद्रदामन याचा संस्कृत लेख आहे, आणि गुप्त सम्राट स्कंदगुप्ताच्या काळचाही. एम. ए.ला मी रुद्रदामनाचा लेख अभ्यासला होता. तेव्हा लक्ष होते ते त्यातील लांबलचक समासांकडे. त्या सकाळी मी त्यातली हकीकत प्रथमच नीट वाचली, असे म्हणायला हरकत नाही.

गिरनारच्या पायथ्याशी सुदर्शन नावाचा तलाव होता. चंद्रगुप्त मौर्याचा प्रांताधिकारी पुष्यगुप्त याने तो बांधवला, अशोकाच्या काळात तुषास्फ याने त्याला कालवे काढले. शक ७२, म्हणजे इ. स. १५० च्या सुमारास, मार्गशीर्षातच प्रचंड वादळी पाऊस झाला, डोंगरावरून येणाऱ्या नद्यांना पूर आला आणि बांध फुटला. लेख पुढे सांगतो की, भगदाड इतके मोठे होते की राजाचे मंत्री आणि अधिकारी, कर्तबगार असूनही, हे काम होणे नाही म्हणून मागे सरले. बांध पुन्हा उभा राहील ही आशा सोडून प्रजेने आक्रोश मांडला. ते काम पूर्ण केले सुविशाख नावाच्या पह्लव अमात्याने. पहिल्यापेक्षा तिप्पट मजबूत बांध उभा राहिला. आणि त्यासाठी प्रजेवर जादा कर वा वेठ लादली नाही, पैसा राजाच्या कोशातून आला, हेही लेखात नमूद आहे.

मी त्या शिळेपुढे थबकले ती एका तपशिलासाठी. त्या लेखात भगदाडाची मापे दिली आहेत: लांबी ४२० हात, रुंदी तेवढीच, खोली ७५ हात. ज्या आपत्तीपुढे शहाणी माणसे ‘अशक्य’ म्हणून गप्प बसली, ती कोणीतरी जाऊन मोजली होती. मला वाटते, दुरुस्तीची सुरुवात त्या मोजण्यात होती. आणखी तीन शतकांनी तो बांध पुन्हा फुटला आणि स्कंदगुप्ताच्या काळी चक्रपालिताने तो पुन्हा बांधला. एकदा जिंकलेली शंका कायमची जिंकली जात नाही; प्रत्येक पिढीला तिच्याशी नव्याने हिशेब करावा लागतो.

आता आपल्या शाळेकडे वळते. पालकहो, प्रवेशाच्या दिवसांत माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसून तुम्ही विचारता, “मराठीतून शिकून आमचं मूल मागे तर पडणार नाही ना?” या प्रश्नावर मातृभाषेच्या अभिमानाचे भाषण देणे सोपे आहे; मी ते देत नाही. तुमची शंका खरी आहे, तिचा मान राखायचा तर ती मोजली पाहिजे. मुलाला आज वाचता किती येते? गुजराती आणि इंग्रजी कोठपर्यंत आली आहे? घरी अभ्यासाला जागा, वेळ आणि विचारायला माणूस आहे का? विज्ञानाच्या संज्ञा त्याला दोन्ही भाषांत ओळखता येतात का? ही उत्तरे कागदावर आली की पुढच्या सहा महिन्यांत काय करायचे ते तुम्हाला आणि आम्हाला दिसू लागते.

वर्गातही आम्ही हेच करतो. “मला गणित येत नाही” असे मूल म्हणाले की “तुला सगळं येतं” असे खोटे सांगू नये आणि “तुला जमणारच नाही” असे तर कधीच म्हणू नये. “कुठपर्यंत येतं?” एवढेच विचारावे. बहुतेक वेळा मुलाला निम्मे येत असते; ते निम्मे त्याचे त्यालाच दिसलेले नसते.

आणि संस्थेची शंका? एकेकाळी एका इयत्तेच्या दोन-दोन तुकड्या असलेल्या या इमारतीत आज काही वर्ग रिकामे आहेत. आणखी किती वर्षे चालेल ही शाळा, असे आपलेच लोक हलक्या आवाजात विचारतात. मी तो प्रश्न आज मोठ्या आवाजात विचारते आहे, कारण आपण ज्या शहरात उभे आहोत तेथे अशा प्रश्नाचे एक उत्तर दिले गेले आहे. महाराजा सयाजीरावांनी सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण एका दिवसात साऱ्या राज्यात आणले नाही. १८९३ मध्ये, गिरनारपासून फार दूर नसलेल्या अमरेली भागात, त्यांनी तो प्रयोग प्रथम केला. अडचणी कळल्या, हिशेब झाले आणि १९०६ मध्ये तो संपूर्ण राज्यात लागू झाला. मधे तेरा वर्षे गेली.

आपलेही भगदाड आपण मोजू या. माजी विद्यार्थ्यांनो, सभागृहाबाहेरच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. तिच्या डाव्या पानावर आम्ही शाळेची आजची स्थिती स्पष्टपणे लिहिली आहे: पटसंख्या, रिकाम्या जागा, ग्रंथालयाला लागणारी माणसे, इंग्रजी संभाषणाच्या तासाला हवी असलेली मदत. उजवे पान कोरे आहे. आठवड्यातील एक तास, महिन्यातील एक शनिवार, जे खरोखर देता येईल तेवढेच तेथे लिहा. अधिक लिहू नका. जमले नाही तर तसे कळवा, आम्ही पुन्हा बेरीज मांडू.

डाव्या पानाला आम्ही ‘दिलेले’ असे शीर्षक दिले आहे. उजव्या पानाला काय म्हणायचे, हे माझ्या वर्गात बसलेल्यांना सांगण्याची गरज नाही.