खेळातला करारनामा
(सुवर्णमहोत्सवी सभेतील भाषण)



संगणकावरच्या खेळाविषयी बोलायला आम्ही उभे राहिलो, हे पाहून वडीलधाऱ्यांना थोडे हसू येईल. येऊ द्या. पण गेल्या पावसाळ्यात आमचा एक जुना विद्यार्थी, आता अभियांत्रिकीला असलेला, उतरलेल्या चेहऱ्याने घरी आला आणि म्हणाला, "सर, करार नीट कसा लिहितात?" तेव्हापासून हा विषय डोक्यातून गेलेला नाही.

खेळाचे नाव ईव्ह ऑनलाइन. आइसलंडच्या सीसीपी कंपनीने तो २००३ साली सुरू केला. हजारो खेळाडू एकाच अंतराळविश्वात खाणी खणतात, जहाजे बांधतात, जिता नावाच्या पेठेत माल विकतात. तेथल्या नाण्याला इस्क म्हणतात. खेळाच्या आतली लबाडी तेथे बहुतांशी नियमात बसते. फसला तो फसला.

माल पोचवण्याचा करार तेथे असा होतो. मालधनी माल कोठून कोठे न्यायचा, किती घनमीटर, किती दिवसांत, भाडे किती आणि अनामत किती हे लिहितो. वाहणारा करार घेतानाच अनामत भरतो. माल पोचला की अनामत व भाडे दोन्ही मिळते. मुदत टळली की अनामत मालधन्याची. आमच्या विद्यार्थ्याने भाडे पाहिले आणि साठवलेले सारे इस्क अनामत म्हणून भरले. मुक्कामाचे ठिकाण एका खेळाडूचे खासगी तळ निघाले. धन्याने आत येऊ दिले नाही. मुदत गेली, अनामत गेली, हाती राहिला टाकाऊ माल. करारात एकही शब्द खोटा नव्हता!

आमच्या मते सारी मेख अनामतीत आहे. ती मालाच्या किमतीहून कमी असेल, तर वाहणाऱ्याला माल घेऊन पळण्यात नफा. फार जास्त असेल, तर करार मोडण्यातच मालधन्याचा नफा. मग वाट अडवायला तोच माणसे पाठवील. करार पुरा होण्यात दोघांचेही हित असेल, एवढाच आकडा योग्य. बाकी किमतीत एखादे शून्य जास्त घालणे, सारख्या नावाचा हलका माल देणे, या लबाड्या आपल्या बाजारालाही नव्या नाहीत.

आणखी एक गोष्ट. त्या करारपत्रावर वर्णनाला जागा असते. तेथे वाटेल ते वचन लिहावे. यंत्र ते पाळून घेत नाही. ते फक्त वस्तू, रक्कम, ठिकाण आणि मुदत ओळखते. पलीकडचा सारा व्यवहार भरवशाचा. काही खेळाडूंनी ई-बँक नावाची पतपेढी चालवली होती. २००९ साली तिच्या प्रमुखानेच सुमारे २०० अब्ज इस्क उचलून बाहेर खऱ्या पैशांत विकले, आणि ठेवीदारांची ठेवी काढायला झुंबड उडाली. कंपनीने त्याला खेळातून काढले, पण चोरीबद्दल नव्हे. नाणे बाहेर विकल्याबद्दल.

कुराण शरीफातील सर्वांत लांब आयत, सूरह बकरामधील २८२वी, मुदतीच्या कर्जाचा लेख कसा करावा याविषयी आहे. लेख असावा, साक्षीदार असावेत, रक्कम लहान म्हणून कंटाळा करू नये, आणि मजकूर सांगावा तो देणेकऱ्याने. लहानपणापासून आम्ही ती पढत आलो. तरीही एका जिवलग मित्राला पैसे दिले ते तोंडी. दोन वर्षांनी त्याला एक आकडा आठवतो, आम्हांला दुसरा. कोणीही खोटे बोलत नाही. ईदला गळाभेट होते, पण घरी येणेजाणे थांबले आहे. कागद मागितला असता तर त्याला अविश्वास वाटला असता, अशी आम्ही स्वतःची समजूत घातली होती.

विद्यार्थ्याला आम्ही देणेकऱ्याचा तो नियम सांगितला. आता तो दुसऱ्याशी व्यवहार ठरवताना आधी त्याच्याकडून, त्याच्याच शब्दांत, काय ठरले ते लिहून मागवतो. अर्ध्या गैरसमजुती तेथेच उघड्या पडतात, असे तो सांगतो.

म्हणून विश्वस्तांना एक विनंती. शिक्षणकर्जाचा आपला छापील अर्ज मुले न वाचताच सही करून देतात, हे आम्ही स्वतः पाहिले आहे. त्याखाली पाच ओळी कोऱ्या ठेवाव्यात आणि किती घेतले, केव्हा, कसे फेडणार, हे मुलाने स्वहस्ते लिहावे. शुद्धलेखन आम्ही तपासून देऊ.