आपली बोली, आपली माती : अरब जगातील काही अनुभव
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मला बोलण्यासाठी जो विषय देण्यात आला आहे, तो फार मोठा आहे. अरब जगातील राष्ट्राभिमान आणि संस्कृती या विषयावर विद्वानांनी ग्रंथ लिहिले आहेत. मी विद्वान नाही. मी एक साधा शाळामास्तर. तीन वर्षे मस्कतच्या एका खाजगी शाळेत इंग्रजी शिकवण्याचा योग आला. त्या काळात शिक्षकांच्या खोलीत, बाजारात आणि वर्गात जे पाहिले, ऐकले, तेवढेच आपल्यापुढे ठेवणार आहे. त्याला थोड्या वाचनाची जोड आहे, इतकेच.

आपल्या किनारपट्टीवर ज्या घरातला कोणी आखातात गेला नाही, असे घर शोधूनच काढावे लागेल. तरीही 'अरब' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभे राहते : पांढरा झगा, वाळवंट, उंट आणि तेल. मीही हेच चित्र घेऊन गेलो होतो. ते पहिल्याच आठवड्यात पुसले गेले.

लहानपणी मक्तबात शिकलेली आणि नंतर पुस्तकांवरून वाढवलेली थोडी अरबी मला येत होती. त्या बळावर मी भाजीवाल्याकडे गेलो आणि मोठ्या ऐटीत वाक्य जुळवून टोमॅटो मागितले. भाजीवाला हसला. कुत्सितपणे नव्हे, प्रेमाने हसला. दापोलीच्या बाजारात एखाद्या परदेशी पाहुण्याने ज्ञानेश्वरीच्या मराठीत बोंबलांचा भाव विचारावा, तसा तो प्रकार झाला होता! तेव्हा मला कळले की, अरबी भाषा एक असली तरी तिची रूपे दोन आहेत. वर्तमानपत्र, ग्रंथ आणि भाषण यांची ती 'फुसहा'. घर आणि बाजार यांची ती 'अम्मिया'. पहिली सर्वांची एकच. दुसरी मात्र प्रत्येक देशाची वेगळी.

आमच्या शिक्षकांच्या खोलीत इजिप्तचे एक गणिताचे शिक्षक होते, एक सुदानी, एक इराकी आणि एक पॅलेस्टिनी. 'आता' या एका साध्या शब्दावरून त्यांचा वाद रंगे. इजिप्तचा माणूस 'दिलवक्ती' म्हणणार, इराकी 'हस्सा', पॅलेस्टिनी 'हल्ला', आणि खुद्द आखातातले लोक 'अल्हीन'. मोरोक्कोत यालाच 'दाबा' म्हणतात, असेही कोणी सांगे. प्रत्येकाला आपला शब्द अधिक गोड वाटे. न्याहारीच्या वेळी दुसरा वाद. फलाफल डाळीच्या वड्यासारखा तळतात, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. पॅलेस्टिनी माणूस ते हरभऱ्याचे करतो, तर इजिप्तमध्ये ते बाकल्याच्या दाण्यांचे करतात आणि त्याला 'तामिया' म्हणतात. खरे कोणते, यावर ते दोघे सुट्टी संपेपर्यंत भांडत. अशा वेळी मला आपल्याकडची मालवणी आणि रत्नागिरीची माणसे आठवत.

पण कोणी उम्म कुलसूमचे गाणे लावले, की हे सर्व वाद थांबत. ही इजिप्तच्या एका खेड्यातील इमामाची मुलगी. लहानपणी कुराणपठणाने तिच्या वाणीला वळण लागले. पुढे प्रत्येक महिन्याच्या पहिल्या गुरुवारी रात्री कैरो रेडिओवरून तिची मैफल होई आणि बगदादपासून मोरोक्कोपर्यंत लोक रेडिओभोवती बसत. 1967 च्या युद्धात इजिप्तचा पराभव झाला, तेव्हा तिने देशोदेशी मैफली करून मिळालेला पैसा आपल्या देशाच्या तिजोरीत दिला. 3 फेब्रुवारी 1975 रोजी ती वारली, त्या वेळी कैरोच्या रस्त्यांवर लाखोंचा जनसागर लोटला होता. सैन्य हरल्यानंतरही एका गाणाऱ्या बाईने समाजाची मान ताठ ठेवली. राष्ट्राभिमान म्हणजे काय, याचा हा पहिला धडा मला तेथे मिळाला.

एकदा असेच गाणे संपल्यावर गणिताच्या शिक्षकांनी मला सहज विचारले, "उस्ताद, तुमच्या भाषेत लोक काय गातात? तुमचे कवी कोण?"

मित्रहो, मी गोंधळलो. मी हिंदी सिनेमाच्या एका गाण्याचे नाव सांगितले. ते म्हणाले, "हे तर आम्हालाही माहीत आहे. तुमच्या घरच्या भाषेत?" मी मराठी माध्यमात शिकलेला, मराठी विषय घेऊन बी. ए. झालेला माणूस. माझी आई जात्यावरच्या ओव्या म्हणत असे. पण त्या क्षणी मला एकही नाव धड सांगता आले नाही. खरे सांगायचे तर सांगावेसेच वाटले नाही. आपल्या घरची भाषा परक्या देशात सांगण्याजोगी नाही, असे कुठेतरी मनात बसले होते. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

आता ओमानविषयी थोडे सांगतो. 1970 साली सुलतान काबूस गादीवर आले, तेव्हा त्या साऱ्या देशात औपचारिक शिक्षणाच्या शाळा होत्या अवघ्या तीन, आणि त्यांत शिकणारी मुले सुमारे नऊशे. मुलींची शाळा एकही नव्हती. आज तेथे हजाराहून अधिक शाळा आहेत. आरंभीच्या काळात शिक्षक इजिप्त, सुदान, जॉर्डन अशा देशांतून आणावे लागले. मुले तंबूत आणि झाडाखाली बसून शिकली. तेलाचा पैसा होता हे खरे. परंतु तो शाळांकडे वळवायचे कोणीतरी ठरवावे लागते. आपल्या संस्थेच्या इमारतीसाठी दहा-दहा रुपयांच्या पावत्या फाडणाऱ्या मंडळींना या गोष्टीचे मोल वेगळे सांगायला नको.

ओमानी मुलगा शाळेत येतो तो पांढरा दिशदाशा आणि भरतकाम केलेली कुम्मा टोपी घालून. सरकारी कचेरीतला अधिकारीही दिशदाशा घालूनच बसतो. त्यांच्या झेंड्यावर 'खंजर' ही वाकडी कट्यार आहे. पण खरी गंमत पुढेच आहे. माझ्या वर्गातील सर्व ओमानी मुलांची घरची भाषा अरबी नव्हती. कोणाच्या घरी बलुची, तर ज्यांचे आजोबा झांजिबारहून परतले, त्यांच्या घरी स्वाहिली. मत्रह बंदरातील जुन्या लवाती व्यापारी कुटुंबांची बोली तर सिंधी-कच्छीशी नाते सांगते. दक्षिणेत धोफारच्या डोंगरात जिब्बाली बोलतात. मी एका मुलाला विचारले, "तू बलुची की ओमानी?" तो माझ्याकडे नवलाने पाहत राहिला. या दोन गोष्टींत भांडण असू शकते, हेच त्याला माहीत नव्हते. मित्रहो, हाच प्रश्न आपल्याला कोणी वेगळ्या शब्दांत विचारतो, तेव्हा आपणही असेच नवलाने पाहिले पाहिजे.

पॅलेस्टिनी शिक्षकांची कथा निराळी. त्यांचे आजोबा 1948 साली गाव सोडून निघाले. वडील आणि ते स्वतः जन्मले जॉर्डनमध्ये. त्यांनी ते गाव कधी पाहिले नाही. तरी "तुम्ही कुठले?" असे विचारले की ते त्या गावाचेच नाव सांगत. त्यांच्या आईच्या झग्यावर फुलीच्या टाक्याचे लाल भरतकाम होते. जुन्या काळी त्या नक्षीवरून बाई कोणत्या भागातली, हे जाणकार ओळखत. ही कला 2021 साली युनेस्कोच्या वारसायादीत आली. शाळेच्या नकाशात ते आपले गाव शोधत, ते सापडत नसे. मग ते पेन्सिलीने एक ठिपका देत. मी त्यांना कधी भाषण करताना ऐकले नाही, पण तो ठिपका मी विसरलो नाही. ज्याच्याजवळ गाव उरले नाही, तो ते नक्षीत आणि ठिपक्यात जपतो. ज्यांच्याजवळ गाव, घर, अंगण सर्व आहे, ते आपण काय जपतो?

अरबांचा हा अभिमान आपोआप निर्माण झाला असे मात्र नाही. तो शिक्षकांनी घडवला. 1860 साली लेबनॉनच्या डोंगराळ भागात आणि दमास्कसमध्ये धर्माच्या नावाने भीषण कत्तली झाल्या. त्या राखेतून बुतरुस अल-बुस्तानी नावाचा एक ख्रिस्ती शिक्षक उभा राहिला. त्याने 1863 साली बैरूतमध्ये सर्व धर्मांच्या मुलांसाठी 'राष्ट्रीय शाळा' काढली, अरबीचा मोठा शब्दकोश रचला, ज्ञानकोशाचे काम हाती घेतले. भाषा आणि मायभूमी ही सर्वांची सामाईक मिळकत आहे, हे त्याचे सांगणे होते. अरबी ही केवळ मुसलमानांची भाषा, असे समजणाऱ्यांनी हे नाव लक्षात ठेवावे.

दुसरे नाव इजिप्तच्या ताहा हुसेन यांचे. खेड्यातील गरीब मुलगा, बालपणीच दृष्टी गेलेली. अल-अजहरमध्ये शिकून पुढे पॅरिसहून डॉक्टरेट मिळवली, 'अल-अय्याम' हे आत्मचरित्र लिहिले आणि 1950 साली देशाचा शिक्षणमंत्री झाला. शिक्षण हे हवा-पाण्यासारखे सर्वांना मिळाले पाहिजे, ही भूमिका घेऊन त्याने माध्यमिक शिक्षण मोफत केले. अंध माणसाने देशाला वाट दाखवली, ती अशी.

परंतु नाण्याची दुसरी बाजू सांगितली नाही, तर मी शिक्षक म्हणून कमी पडेन. अभिमानाचे दुराभिमानात रूपांतर व्हायला वेळ लागत नाही. 18 नोव्हेंबर 2009 रोजी सुदानमधील ओमदुरमान येथे इजिप्त आणि अल्जीरिया यांचा विश्वचषक पात्रतेचा फुटबॉल सामना झाला. अल्जीरियाने तो एका गोलाने जिंकला. त्यावरून दंगेधोपे झाले, दोन्हीकडची वर्तमानपत्रे एकमेकांवर गरळ ओकू लागली आणि इजिप्तने आपला राजदूत परत बोलावला. एकच भाषा, एकच धर्म आणि भांडण एका चेंडूवरून! इजिप्त आणि सीरिया 1958 साली मोठ्या उत्साहाने एक राष्ट्र झाले. ते 1961 मध्ये तुटले. 2 ऑगस्ट 1990 रोजी इराकने शेजारच्या कुवेतमध्ये सैन्य घुसवले. आमचे इराकी सहकारी या विषयावर कधी बोलत नसत. फक्त मान खाली घालत. केवळ भाषा आणि धर्म एक असल्याने माणसे एक होतात, या समजुतीला इतिहासाचा आधार नाही.

आणि याच फुटबॉलची दुसरी आठवण. 10 डिसेंबर 2022 रोजी कतारमध्ये मोरोक्कोने पोर्तुगालला हरवले आणि विश्वचषकाची उपांत्य फेरी गाठणारा तो पहिला अरब आणि पहिला आफ्रिकी देश ठरला. एका खेळाडूने मैदानात आपल्या आईला बोलावून तिच्याबरोबर नाच केला, हे चित्र आपणही पाहिले असेल. त्या संघातील कित्येक खेळाडू बर्बर, म्हणजेच अमाझिग घराण्यांतले होते. पूर्वी दुर्लक्षिलेल्या अमाझिग भाषेला मोरोक्कोने 2011 च्या राज्यघटनेत अरबीच्या बरोबरीने राजभाषेचा मान दिला. घरच्या भाषेला मान दिल्याने देश दुबळा होत नाही, हे यावरून दिसते.

आता समारोप करतो. त्या झोप न आलेल्या रात्रीनंतर मी घरी फोन करून भावाकडून मराठीची पुस्तके मागवली. पुढच्या सुट्टीनंतर गणिताच्या शिक्षकांना मी श्रीगोंद्याच्या संत शेख महंमदांविषयी सांगितले. जन्माने मुसलमान, आणि मराठीत 'योगसंग्राम' लिहिणारे. बार्शीच्या शाहीर अमर शेखांविषयी सांगितले, ज्यांच्या डफावर संयुक्त महाराष्ट्राच्या सभा दणाणत. शेवटी धीर करून आईची एक ओवीही म्हणून दाखवली. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलेत?" माझ्याजवळ उत्तर नव्हते.

आपला आणि अरबांचा संबंध आजकालचा नाही. एके काळी आखातात आपला भारतीय रुपयाच चालत असे. ओमानमध्ये रुपया 1970 पर्यंत व्यवहारात होता. वकील, मालक, तारीख, हिशेब, जिल्हा, तालुका हे आपण रोज वापरतो ते शब्द मुळात अरबी. ते आले, मराठी झाले आणि येथेच राहिले. त्यांनी आपले मूळ लपवले नाही आणि मराठीपणही नाकारले नाही.

आमच्या नववीच्या वर्गातील एक मुलगा मला परवा म्हणाला, "सर, मी वडिलांकडे दुबईला जाणार. मराठी शिकून काय करू?" त्याला मी हेच सांगितले आणि आज पालकांनाही तेच सांगतो. मुलांना अवश्य बाहेर पाठवा. इंग्रजी शिकवा, अरबी शिकवा. परंतु तेथे एखाद्या शिक्षकांच्या खोलीत, एखाद्या कारखान्याच्या चहाच्या सुट्टीत कोणीतरी त्याला नक्की विचारील, "तुमच्या घरच्या भाषेत लोक काय गातात?" त्या वेळी आपल्या मुलाला माझ्यासारखी मान खाली घालावी लागू नये.

एवढे बोलून आपली रजा घेतो. 'रजा' हा शब्दही तिकडूनच आलेला आहे, हे जाता जाता सांगतो. खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.