जुन्या दप्तरांतील कामांची नावे
(अकोट येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मुलाच्या जातपडताळणीचा प्रसंग आला म्हणजे आजोबा-पणजोबांचा कागद शोधण्याची धावपळ सुरू होते. 2001 साली अंमलात आलेल्या महाराष्ट्राच्या कायद्याने जात सिद्ध करण्याचा भार अर्जदारावरच ठेवला आहे, आणि अनुसूचित जातींच्या बाबतीत 10 ऑगस्ट 1950 पूर्वीची नोंद पाहिली जाते. नोंद सापडते, परंतु पुष्कळदा तीत जातीऐवजी कामाचे नाव असते आणि त्याचा अर्थ घरात कोणालाच सांगता येत नाही.

'कोतवाल' हाच शब्द घ्या. मोगली शहरातला कोतवाल हा बंदोबस्ताचा मुख्य अंमलदार. खेड्यातला कोतवाल हा सरकारी उतरंडीतला अगदी शेवटचा सेवक. पूर्वज मोठा अधिकारी होता अशी समजूत करून घेणाऱ्यांचे मन मोडणे जिवावर येते! शिवाय आपल्या वऱ्हाडात जन्ममृत्यूच्या जुन्या वहीलाच 'कोतवाल बुक' म्हणतात. तेव्हा नकलेच्या माथ्यावरील तो शब्द वहीचे नाव आहे, कुटुंबाचा धंदा नव्हे.

'जागल्या' म्हणजे रात्रीची राखण करणारा. 'तराळ' म्हणजे गावकीचे निरोप व ओझी वाहणारा. 'वेसकर' आणि 'येसकर' हे दोन निराळे शब्द नाहीत. वेशीवर पहारा देणाऱ्या एकाच माणसाची ती नावे. हे काम पाळीने फिरत असे. म्हणून एका वर्षी थोरल्या भावापुढे 'वेसकर' आणि पुढे धाकट्यापुढे नुसते 'मजूर' आढळले, तर एवढ्यावरून वंश निराळा ठरत नाही. कागदावर 'धंदा' असे लिहिलेले असले तरी हा कोणी निवडलेला धंदा नव्हता. जन्माने गळ्यात पडलेली वतनाची चाकरी होती. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते ह्याच चाकरीची बेडी तोडण्यासाठी.

अधिक घोटाळा 'विणकर' शब्दाने होतो. नागपूर-वऱ्हाडाकडे अनेक महार कुटुंबे जाडेभरडे कापड विणीत असत. कोष्टी ही निराळी जात. केवळ कामावरून जात ठरविणारा वाचक येथे चुकतो, आणि त्या चुकीची किंमत विद्यार्थ्याला मोजावी लागते.

1956 च्या धर्मांतरानंतर जातीच्या रकान्यात 'बौद्ध' आले. आजोबा 'महार' आणि नातू 'बौद्ध' ह्यात विसंगती नाही. 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातींच्या आदेशाचा लाभ मिळाला. मात्र आजोबा, वडील व मुलगा ह्यांची साखळी कागदाने जुळली पाहिजे.

मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घही पाळीत नाहीत. म्हणून टंकलिखित नकलेवर विसंबू नका. मूळ पानाची प्रमाणित छायाप्रत मागा, जाणकाराचे लिप्यंतर तिला जोडा, आणि त्याच पानावरील शेजारच्या नोंदीही वाचून घ्या. घरात वृद्ध असतील तर पाळी कोणाकडे होती, हक्काचे दाणे कोणत्या घरांतून येत, हे त्यांना आजच विचारून तारखेसह लिहून ठेवा.