तळ्यांच्या मुलुखातला मुक्काम आणि पदरचा पैसा
(मंडळाच्या वर्धापनदिनी सभासद भगिनींपुढे केलेले भाषण)



आपल्यापैकी काही जणी येत्या उन्हाळ्यात कुमाऊंकडे निघणार आहेत. नैनिताल, भीमताल, सातताल, नौकुचियाताल या तळ्यांच्या शोभेचे वर्णन मी करीत नाही. मला बोलायचे आहे ते दोनच गोष्टींविषयी : रात्री पाठ कोठे टेकायची आणि पैसा कोणाच्या हाती असायचा.

आगगाडी काठगोदामला संपते. १८८४ साली ती तेथवर आली. पुढे डोंगरच उभा आहे. तेथून नैनिताल सुमारे ३५ किलोमीटर. बस मिळते, भाडे वाटून घेण्याच्या मोटारीही मिळतात.

मे-जूनमध्ये नैनितालला गर्दी उसळते आणि खोल्यांचे दर चढतात. भीमताल तेथून सुमारे २२ किलोमीटरवर, उंचीने कमी, म्हणून थंडीही कमी. वयस्क भगिनींनी तेथे उतरून एक दिवस नैनिताल पाहून यावे. कुमाऊं मंडळ विकास निगमाची सरकारी पर्यटक निवासस्थाने आहेत. त्यांचे हंगामाचे दर निराळे, एरवीचे निराळे. १५ जूनला कैंची धामची मोठी यात्रा असते. त्या सुमारास रस्ते तुंबतात, तेव्हा तो दिवस टाळावा.

खोली ठरवताना तीन प्रश्न विचारावेत. सडकेपासून पायऱ्या किती? गरम पाणी कोणत्या वेळी? कर आणि न्याहारी दरात धरली आहे का? पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. तेथील घरे उतारावर आहेत. तळे दिसणारी खोली पुष्कळदा गुडघ्यांची परीक्षा पाहते.

आगाऊ रक्कम पावतीवाचून देऊ नये. फोनवर दिसलेल्या जाहिरातीतील क्रमांकावर पैसे धाडण्याआधी चौकशी करावी. खोटी संकेतस्थळे फार झाली आहेत. मोबाइलवरून पैसे देता येतात, पण डोंगराच्या वळणाआड नेटवर्क जाते. म्हणून पन्नास-शंभराच्या नोटा जवळ असाव्यात. नावेत बसण्यापूर्वी दर ठरवावा, उतरल्यावर नव्हे. सामायिक खर्चाची पिशवी एकीकडे आणि वही दुसरीकडे ठेवावी. रोज रात्री हिशेब मिटला की मैत्रीही टिकते.

आता शेवटचे. प्रत्येकीजवळ स्वतःच्या नावाच्या खात्याचे कार्ड असावे, आणि एका जादा रात्रीच्या खोलीचे पैसे निराळे बांधून ठेवलेले असावेत. आतली कडी लागत नसेल, मालकाचे बोलणे बरे वाटत नसेल, तर त्याच पैशांच्या बळावर सामान उचलून दुसरीकडे जाता येते. ज्या बाईच्या पदरी ते पैसे नसतात, तिला मन मारून तेथेच रात्र काढावी लागते. ते पैसे खर्च न होता परत आले, तर उत्तमच. पुढच्या वर्षीच्या सहलीची ती पहिली वर्गणी समजावी.

आपला प्रवास सुखाचा होवो.