जुना नाल, पुरी मजुरी

(यात्रेच्या दुसऱ्या दिवशीं घोडेवाले व नालबंद यांच्या बैठकींत एका खेड्यांतील शिक्षकानें केलेलें भाषण)



मी खेड्यांतला शाळामास्तर. माझ्या दारीं घोडा नाहीं आणि घरांत ऐरणही नाहीं. तेव्हां या मास्तराला घोड्यांतलें काय कळतें, असें कोणाच्या मनांत आलें असल्यास मी त्याला दोष देत नाहीं. पण आपल्यांत जो तंटा उभा राहिला आहे तो घोड्याचा नसून हिशेबाचा आहे. आणि हिशेब शिकविणें हा तर माझा धंदाच आहे. म्हणून पंचांनीं बोलावलें व मी आलों.

तंटा गांवाला ठाऊक आहे. तरी लांबून आलेल्या मंडळींसाठीं थोडक्यांत सांगतों. लग्नसराईच्या तोंडावर आपल्यांतील एका घोडेवाल्यानें आपला वरातीचा घोडा नालबंद चाचांपुढें उभा केला. खूर वाढले होते, पण नाल चांगले होते. चाचांनीं नाल उपटले, खूर तासले, तेच नाल ठोकून नीट केले आणि नव्या खिळ्यांनीं पुन्हां बसविले. दोन तास म्हातारा कमरेंत वाकलेला होता. काम संपल्यावर मालकानें शंभराची एक नोट पुढें केली. चाचा म्हणाले, "दादा, हे कशाचे?" दादा म्हणाले, "चाचा, घोडा माझा, नालही माझेच. तुम्हीं नवें काय घातलेंत? मूठभर खिळेच ना?" चाचांनीं नोट कपाळाला लावली, पेटी उचलली आणि निघून गेले. पुढच्या वेळीं निरोप गेला तेव्हां ते आले नाहींत. 'नाल अजून शाबूत आहेत, घाई कशाला,' म्हणून मालकही स्वस्थ बसले. तीन महिने तेच नाल पायांत राहिले. ऐन मुहूर्ताच्या दिवशीं, नवरदेव बसण्याआधींच, घोडा पुढच्या पायानें लंगडूं लागला. वरातीची सुपारी गेली आणि घोडा महिनाभर तबेल्यांत उभा राहिला.

आतां मालक म्हणतात, नालबंदानें दगा दिला. चाचा म्हणतात, माझी मजुरी बुडविली. एकाचीं मुलें व दुसऱ्याचीं नातवंडें माझ्या शाळेंत एका बाकावर बसतात. म्हणून मी कोणाचें नांव घेत नाहीं. प्रश्न तेवढा घेतों. जुना नाल पुन्हां बसविला, तर नालबंदाला काय द्यावें?

आधीं हें पाहूं, कीं नालबंदाला आपण बोलावतों तरी कशासाठीं. घोड्याचा खूर म्हणजे आपल्या बोटाचें नख. तो महिन्याला सुमारें ६ ते १० मिलिमीटर वाढतो. मोकळ्या रानांत फिरणाऱ्या घोड्याचा खूर चालून चालून आपोआप झिजतो. नाल ठोकला कीं ती झीज थांबते; वाढ मात्र थांबत नाहीं. खूर पुढें वाढतो तसा नालही त्याच्याबरोबर पुढें सरकतो. मग टाचेजवळचीं त्याचीं टोकें तळव्याला रुततात, खुराचें पुढचें टोक लांबतें आणि पायाच्या शिरांवर ताण येतो. म्हणून साधारण सहा आठवड्यांनीं, कोणाच्या घोड्याला चार तर कोणाच्या घोड्याला आठ, नाल काढावाच लागतो. तेव्हां बंधूंनो, एवढें एक वाक्य घरीं घेऊन जा: नाल झिजला म्हणून नालबंदाला बोलवावयाचें नसतें, खूर वाढला म्हणून बोलवावयाचें असतें. खरें काम खुराचें आहे. लोखंड मागाहून येतें.

आतां कामाची मोजदाद करूं. जुन्या खिळ्यांचीं वळविलेलीं टोकें उघडावीं लागतात. खुराची कड न फाडतां नाल उपटावा लागतो. वाढलेला खूर कापून, कानस मारून, चारी पाय समतोल करावे लागतात. इथपर्यंतचें काम नव्या नालाला व जुन्या नालाला सारखेंच. पुढें नवा नाल असेल तर तो खुराच्या मापाचा करून ठोकावयाचा. आणि जुना असेल तर? त्यांत अडकलेलीं खिळ्यांचीं थोटकें काढावयाचीं, चिकटलेली घाण खरवडावयाची, वांकडा झालेला नाल ऐरणीवर सरळ करावयाचा, आणि कापल्यावर खुराचा आकार बदललेला असतो म्हणून नाल पुन्हां त्या आकाराला आणावयाचा. म्हणजे जुन्या नालाला काम कमी पडत नाहीं. पडलें तर चार बोटें जास्तच पडतें.

त्या 'मूठभर खिळ्यां'चेंही ऐका. एका नालाला सहा ते आठ खिळे. चार पायांचे चोवीस ते बत्तीस. उपटलेला खिळा पुन्हां चालत नाहीं, दर वेळीं नवा लागतो. खुराच्या तळाशीं एक पांढरी रेघ दिसते. तिच्या बाहेर मेलेलें नख, आंत जिवंत मांस. खिळा बाहेरच्या अंगानें शिरून बाहेरच निघाला पाहिजे. जरासा आंत गेला कीं पाय पिकतो, घोडा लंगडतो; आणि घोड्याला धनुर्वाताची भीति फार. चोवीस ते बत्तीस वेळां ही परीक्षा द्यावयाची, तीही उभ्या घोड्याच्या पायाशीं. ऊस ओढणाऱ्या बैलाला पत्री मारतांना आपण त्याला पाडतों, पाय बांधतों, चार माणसें धरतात. घोड्याचा पाय नालबंद आपल्या मांडीवर घेतो, आणि जनावर बुजलें तर पहिली लाथ त्यालाच बसते. लाथ मारतांना घोडा नाल जुना कीं नवा हें पाहत नाहीं.

आतां फळ्याकडे पाहा. आंकडे उदाहरणाचे आहेत. आपापल्या गांवचे घाला, रीत हीच. समजा, नव्या नालांसह चारी पायांचें काम १२०० रुपयांना होतें. त्यांत चार नालांचे ४००, खिळ्यांचे ५० आणि मजुरी ७५०. नाल जुनेच ठेविले तर यांतून काय वजा होईल? फक्त ४००. खिळे नवे लागले, मजुरी पुरी लागली. बाकी राहिले ८००. दोनच नाल नवे आणि दोन जुने बसले तर १०००. इयत्ता चौथीच्या मुलाला सुटणारें हें गणित आहे. बाराशेंतून अकराशें वजा करणाऱ्याला मी माझ्या वर्गांत उभा केला असता.

कोणी म्हणेल, चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला! लोखंड स्वस्त आणि मजुरी महाग, हें कसें? अहो, लोखंड बाजारांत कोणालाही मिळतें. तें खुराला न दुखवितां बसविणारा हात बाजारांत मिळत नाहीं. तो पंधरा-वीस वर्षें लाथा खाऊन तयार होतो.

दुसरा म्हणेल, जुन्या नालाला नाममात्र द्यावें ही बापजाद्यांची रीत. मग बापजाद्यांची रीत मीही सांगतों. बलुतेदारींत नांगराच्या फाळाचें लोखंड शेतकऱ्याचें, कोळसा पुष्कळदां त्याचाच, भाता ओढावयाला त्याच्याच घरचें पोर. लोहाराचा काय तो हात. म्हणून 'फाळ माझाच, तूं काय दिलेंस?' असें म्हणून खळ्यावर त्याचें बलुतें कोणी नाकारीत होतें काय? त्या पद्धतींत अन्याय पुष्कळ होते. कारागीर घरचा चाकर समजला जाई, पेंढीसाठीं त्याला ताटकळत ठेवीत. ती गेली तें बरेंच झालें. पण लोखंड वेगळें आणि हात वेगळा, एवढें तरी तिला कळत होतें. आपण मात्र रोख पैशाच्या युगांत येऊन वस्तूची किंमत शिकलों आणि हाताची विसरलों.

आणखी जुनी गोष्ट. मराठेशाहींत स्वतःचा घोडा घेऊन लढणारा तो शिलेदार. मोहिमेवर निघण्याआधीं त्याला जी आगाऊ रक्कम मिळे तिला 'नालबंदी' म्हणत. त्या रकमेला भाल्याचें नांव दिलें नाहीं, तलवारीचें दिलें नाहीं, नालाचें दिलें. घोडा पायावर उभा नसेल तर तलवार घरींच राहते, हें त्या लोकांना कळत होतें. आणि पैसे आगाऊ मिळत होते, हेंही लक्षांत ठेवा!

एक गोष्ट बोलल्यावांचून राहवत नाहीं. याच यात्रेंत काळ्या घोड्याचा झिजलेला नाल शनीच्या पीडेवर उतारा म्हणून विकला जातो. तो उंबऱ्यावर ठोकण्यासाठीं आपण मागेल ती किंमत मोजतों, घासाघीसही करीत नाहीं. आणि तोच नाल घोड्याच्या पायांत पुन्हां ठोकणाऱ्यापुढें हात आखडतों! उंबरा कधीं लंगडत नाहीं, बंधूंनो. ज्या खुरावर घर चालतें तिथें पैसे खर्च करा. शनि आपोआप वाटेला लागेल.

आतां नालबंद बांधवांस दोन शब्द. आजवर मालकांना बोललों, म्हणून तुम्हीं खूष होऊन जाऊं नका. नाल चांगला असतां 'नवाच घाला' म्हणून लोखंड खपविणें ही लबाडी आहे. नाल पुन्हां चालेल कीं नाहीं हें मालकाला हातांत देऊन दाखवा. पुढच्या टोकाशीं पातळ झालेला, चिरलेला, किंवा भोकें रुंदावून खिळ्याचें डोकें नीट बसत नाहीं असा नाल पुन्हां घालूं नका, मालकानें कितीही आग्रह केला तरी. किती वेळां चालेल याला एक नियम नाहीं. मऊ मातींत फिरणाऱ्या घोड्याचा नाल पुन्हां चालतो. वरातींत डांबरी रस्त्यावर नाचणाऱ्याचा लवकर झिजतो. माथेरानास मोटारींना बंदी, तिथें जांभ्या दगडाच्या चढउतारावर घोड्यानें दिवसभर माणसें वाहावयाचीं. तिथल्या नालाचा हिशेब वेगळा. पाहून ठरवा, आणि पाय हातांत घेण्याआधीं दर सांगा. आधीं संकोच आणि मागाहून रुसवा, यानें धंदा होत नाहीं.

पंचांपुढें मी पांच गोष्टी ठेवतों. पहिली, जुन्या नालाचा दर म्हणजे नव्याच्या दरांतून फक्त त्या नालांची किंमत वजा. दुसरी, दर कामाआधीं दोघांनींही तोंडानें बोलावा. तिसरी, बसविलेला नाल आठ दिवसांच्या आंत पडला तर नालबंदानें तो फुकट बसवावा; पण सांगितलेली मुदत उलटून गेल्यावर पडला तर मालकानें मजुरी द्यावी. चौथी, नालबंद परगांवाहून आला तर त्याच्या गाडीभाड्याचा वांटा त्या दिवशीं काम करून घेणाऱ्या सर्व मालकांनीं उचलावा. पांचवी, काढून टाकलेला नाल मालकाचा; नालबंदाला हवा असल्यास त्यानें मागून घ्यावा.

राहिला आपला तंटा. मालकानें चाचांची राहिलेली मजुरी आज द्यावी. चाचांचीही एक चूक आहे. ते रागानें गप्प राहिले, आणि त्या गप्पपणाचा भार मुक्या जनावराच्या पायावर पडला. 'मी येणार नाहीं, दुसरा नालबंद पाहा,' एवढें तरी सांगावयाचें होतें. दोघांच्या भांडणांत ज्याचें कांहींच देणें नव्हतें, तो घोडाच महिनाभर लंगडला.

तो घोडा आज या मांडवाबाहेर उभा आहे. खूर पुन्हां वाढले आहेत. मी येतांना पाहिले. चाचांची पेटीही त्यांच्याजवळच आहे. सभा संपल्यावर दोघांनीं बाहेर जावें, दर आधीं बोलावा, आणि काम सुरू करावें. आम्हीं सर्व पाहावयास येतों.

माझें गणित संपलें. खडू खालीं ठेवतों आणि आपली रजा घेतों.