लायब्ररीने लॉगिंग ठरवू नये

जावातील लायब्ररीच्या लॉगच्या नोंदी कुठे आणि कोणत्या साधनाने जाव्यात, हे ती लायब्ररी वापरणाऱ्या ॲप्लिकेशनने ठरवावे. पंगतीला आलेल्या पाहुण्याने आचारी सोबत आणायचा नसतो. (हशा) लॉग म्हणजे काय, त्याच्या पातळ्या कोणत्या, हे या सभागृहाला सांगायला नको.

भांडण पेटते ते क्लासपाथवर. एका लायब्ररीला लॉग४जे १ हवे असते, दुसरीला कॉमन्स लॉगिंग. तिसरी २००२ पासून जेडीकेसोबतच येणाऱ्या जेयूएलवर विसंबलेली. नोंदी तीन वाटांनी जातात. त्यात एकाच जारच्या दोन आवृत्त्या मागितल्या गेल्या, तर मेव्हन डिपेंडन्सीच्या झाडात सर्वांत जवळची उचलतो, सर्वांत नवी नव्हे. मेथड सापडत नसल्याचे कळते ते प्रोग्राम चालू झाल्यावर.

कॉमन्स लॉगिंगने मध्यस्थी करून पाहिली, पण क्लासलोडरमध्ये शोधाशोध करण्याची त्याची पद्धत सर्व्हरवर दगा देई. लॉग४जेचे जनक चेकी गुल्चू यांनीच पुढे एसएलएफ४जे लिहिले. त्यात एपीआय वेगळा आणि प्रत्यक्ष नोंदी करणारा बॅकएंड वेगळा. लायब्ररीने फक्त एपीआय घ्यावा. जुन्या लायब्रऱ्यांसाठी ब्रिज आहेत. मात्र लॉग४जेकडून एसएलएफ४जेकडे आणणारा आणि उलट नेणारा असे दोन्ही जार एकत्र आले, तर नोंद दोघांमध्ये फिरतच राहते आणि स्टॅक भरून वाहतो.

बॅकएंड गळ्यात बांधण्याची किंमत डिसेंबर २०२१मध्ये दिसली. लॉग४जे २च्या कोअर जारमध्ये नोंदीतला मजकूर वाचता वाचता जेएनडीआयमार्फत बाहेरच्या सर्व्हरकडे जाण्याची सोय होती. लॉग होणाऱ्या एखाद्या रकान्यात कोणीही विशिष्ट अक्षरे टाकावीत आणि परक्याचा कोड आपल्या यंत्रावर चालावा! तीव्रता दहापैकी दहा. २.१५.० आली, ती अपुरी ठरली, मग २.१६.०, २.१७.० आणि महिना संपण्याआधी २.१७.१. या धावपळीत मोठा वेळ दुरुस्तीपेक्षा शोधण्यात गेला, कारण कोअर जार लायब्रऱ्यांच्या आत लायब्रऱ्यांत दडलेला होता. नुसता लॉग४जेचा एपीआय घेणाऱ्या लायब्रऱ्यांत हा दोषच नव्हता. लॉग४जे १वाल्यांनी तेव्हा सुटकेचा निःश्वास टाकला. त्याची देखभाल मात्र २०१५मध्येच थांबली होती. (हशा)

(येथे अध्यक्षांनी वेळेची आठवण करून दिली.)

एसएलएफ४जे २.०चा मुद्दा त्यामुळे थोडक्यात. २०२२च्या या आवृत्तीपासून बॅकएंड सर्व्हिसलोडरने शोधला जातो. नवा एपीआय आणि लॉगबॅक १.२ अशी जोडी पडली, तर सुरुवातीला एक इशारा छापला जातो आणि पुढच्या नोंदी गुपचूप गायब होतात. लॉगबॅक १.३ किंवा त्यापुढचे लागते.

एपीआय हीसुद्धा डिपेंडन्सीच नाही का, हा आक्षेप नेहमीचा आणि रास्त. तेवढीही नको असेल, त्यांच्यासाठी जावा ९मध्ये, २०१७ साली आलेला सिस्टिम.लॉगर आहे. त्यात सोयी कमी, पण छोट्या लायब्ररीला पुरतात. स्वतःच्या चाचण्यांसाठी लॉगबॅक हवेच असेल, तर पीओएममध्ये त्याचा स्कोप ‘टेस्ट’ ठेवावा. मग वापरणाऱ्याला ते वगळण्यासाठी एक्स्क्लूजन लिहावे लागत नाही.