पाण्याची खळबळ, माणसाची खळबळ



आज खळबळीविषयी बोलू. खळबळ म्हटली की गावातली भांडणे डोळ्यांपुढे येतात. ती पुढे येतीलच. आधी पाण्याची आणि हवेची खळबळ बघू.

घरात उदबत्ती लावली आहे. दार बंद आहे, वारा नाही. धूर कसा जातो? वीतभर सुतासारखा सरळ वर जातो. मग सूत मोडते. धुराला वळसे पडतात आणि तो पसरतो. कुणी फुंकर मारली का? नाही. ऊन धूर वर चढतो, चढताना त्याचा वेग वाढतो, आणि मग सरळ चाल टिकत नाही.

पाटाचे पाणीही असेच. पाणी सावकाश चालले असेल तर त्यावरचे पान सरळ जाते. उतार लागला, मध्ये दगड आला, की तेच पान गिरक्या घेते. पाणी तेच, चाल बदलली. शास्त्राच्या पुस्तकात अशा चालीला प्रक्षुब्ध प्रवाह म्हणतात. आम्ही इथे खळबळच म्हणू. शब्द जड असला की माणूस आधी शब्दालाच भितो.

१८८३ साली इंग्लंडातल्या मँचेस्टर शहरी ऑस्बर्न रेनॉल्ड्स नावाच्या शिक्षकांनी एक साधा प्रयोग केला. काचेच्या नळीतून पाणी सोडले. त्या पाण्यात रंगाची बारीक धार सोडली. पाणी हळू होते तोवर रंगाची रेघ सरळ राहिली. वेग वाढवत नेला, तशी एका क्षणी ती रेघ मोडली आणि सगळे पाणी रंगले. विजेच्या ठिणगीच्या उजेडात पाहिले तेव्हा त्या रंगात वळसेच वळसे दिसले. त्यावरून कळले ते असे : वेग जास्त, नळी रुंद, आणि पदार्थ पातळ, तर खळबळ लवकर होते. काकवी ओतून बघा. ती शांतपणे लोंबत येते. पाणी ओता, ते लगेच उसळते.

खळबळ वाईटच असते असे नाही. चहात साखर टाकली आणि चमचा फिरवला नाही, तर साखर तळाशी बसते. चमच्याने आपण खळबळच करतो. पण खळ्यावर उफणताना मात्र संथ, एकसारखा वारा हवा. वावटळ आली की दाणा आणि भूस पुन्हा एक होतात. हे तुम्हाला आम्ही काय सांगावे?

आता जिवाची गोष्ट. नीट वाचा, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा. पावसाळ्यात बंधाऱ्यावरून पाणी सांडते. खाली पडलेले पाणी तळाला जाते, थोडे पुढे वर उसळते, आणि वरच्या अंगाने परत बंधाऱ्याकडे फिरते. तिथे एखादा ओंडका तासन् तास जागच्या जागी लोळताना दिसतो. माणूस सापडला तर त्याचेही तेच होते. पट्टीचा पोहणारा असला तरी सुटत नाही. पाण्यात फेस असतो, म्हणजे हवा असते. अशा पाण्यावर अंग नीट तरंगत नाही. वाचवायला दुसरा उडी घालतो आणि तोही अडकतो. म्हणून उडी घालू नका. काठावरून दोर टाका, लांब बांबू द्या, हवा भरलेली ट्यूब फेका. पोरांना तिथे पोहू देऊ नका. पाणी कमी दिसले तरी नको.

पाण्याचे हे वळसे चित्रकारांनीही पाहिले. इटली देशात लिओनार्दो दा व्हिंची म्हणून थोर चित्रकार होऊन गेले. १५१० सालाच्या आसपास त्यांनी कुंडात पडणाऱ्या पाण्याचे चित्र काढले. केसांच्या बटा भाराने खाली येतात आणि वर कुरळ्याही होतात. पाण्याची चालही तशीच दुहेरी असते, असे त्यांनी लिहून ठेवले. हातात ना यंत्र, ना काचेची नळी. नुसते काठावर बसून बघणे. पण बघणे कसे असावे ते त्या चित्रात दिसते.

आता लुइस फ्राय रिचर्डसन या इंग्रज गृहस्थांची हकीकत सांगतो. ती आम्हाला फार आवडते. ते १८८१ साली जन्मले. पंथाने क्वेकर. या पंथाचे लोक युद्धाला विरोध करतात. पहिल्या महायुद्धात त्यांनी बंदूक धरली नाही. पण घरीही बसले नाहीत. १९१६ साली ते फ्रान्समध्ये गेले आणि जखमी शिपायांना नेणारी मोटार चालवू लागले. फुरसत मिळाली की गवताच्या ढिगावर बसून ते हवामानाचे गणित करीत. १९१७ साली लढाईच्या धामधुमीत त्या गणिताचे कागद हरवले. काही महिन्यांनी ते बेल्जममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडले!

१९२२ साली ते पुस्तक छापले. त्यात सहा तासांचा एक अंदाज आहे, आणि तो साफ चुकलेला आहे. रिचर्डसननी चूक झाकली नाही, तशीच छापली. रीत मात्र खरी होती. १९५० साली अमेरिकेत गणकयंत्रावर त्या वाटेने हवामानाचा अंदाज काढला, तेव्हा तो जमला. आज आपण रेडिओवर किंवा मोबाइलवर पावसाचा अंदाज ऐकतो, त्याच्या मुळाशी हीच रीत आहे. मग पाऊस शेजारच्या शिवारात का पडतो आणि आपल्या का नाही? हवेत मोठे वळसे असतात. ते फुटून लहान होतात, लहान फुटून आणखी बारीक होतात. यंत्राचे जाळे कितीही बारीक केले तरी काही वळसे त्यातून निसटतात.

पुढे विषारी वायूच्या जाणकारांना त्यांच्या हवेच्या अभ्यासात फार रस वाटू लागला. त्यांच्या पत्नीने लिहून ठेवले आहे, की हे कळल्यावर त्यांनी ते संशोधन थांबवले आणि न छापलेले कागद नष्ट केले. वर्षांची मेहनत होती ती. आमच्या मते, पुस्तक लिहिण्याहून हे अवघड काम.

१९४८ साली त्यांनी आणि एका अमेरिकन सोबत्याने एक मौजेचा प्रयोग छापला. स्कॉटलंडात समुद्राच्या खाडीत त्यांनी गाजरासारख्या पांढऱ्या कंदाचे तुकडे टाकले. दोन तुकडे जवळ असले तर हळूहळू दूर जात. दूर गेले की आणखी झपाट्याने दूर जात. कारण जवळ असताना मोठा वळसा दोघांनाही बरोबर नेतो. अंतर वाढले की तोच वळसा त्यांना फाडतो. भावाभावांचा अबोला आठवला ना? आम्हालाही आठवला. पण माणूस म्हणजे कंदाचा तुकडा नव्हे. तुकडा हाक मारू शकत नाही.

रिचर्डसननी माणसांच्या खळबळीचेही गणित मांडले. त्यासाठी १९४० साली त्यांनी नोकरी सोडली. दोन देश एकमेकांना भिऊन शस्त्रे वाढवतात. याने वाढवली म्हणून तो वाढवतो, त्याने वाढवली म्हणून हा. गणितात त्यांनी तीन गोष्टी धरल्या : दुसऱ्याचे भय, खर्चाचा भार आणि जुना राग. बांधावरच्या भांडणात यांतली कुठली गोष्ट नसते? एकाने काठी आणली की दुसरा कुऱ्हाड आणतो. वकिलाचे पैसे संपले की दोघे जरा थंड होतात.

१८२० सालापासूनच्या लढाया आणि खून त्यांनी मेलेल्या माणसांच्या संख्येवरून लहानमोठे लावून मोजले. ज्या देशाच्या सीमा जास्त देशांना लागतात, तो जास्त लढायांत सापडतो, असे त्यांना आढळले. १९५३ साली ते वारले. लढायांवरचे त्यांचे दोन ग्रंथ त्यानंतर सात वर्षांनी छापून निघाले.